कारवीच्या वर्षांचा हिशेब

चि. मुक्ता हिस,



रविवारी फोनवर तू हसत हसत सांगितलंस, ‘आजी, पाच दिवसांत पेपर छापून देतो म्हणून मेसेज आलाय, आयएसएसएन नंबर आहे, वर सर्टिफिकेटपण देतात.’ आणि मग हसणं थांबवून, जरा खालच्या आवाजात, तुझ्याबरोबर पीएचडीला नाव नोंदवलेल्या मुलीचे चार पेपर झाले आणि तुझा अजून एकही नाही, तेही सांगितलंस. तो मेसेज तू पुसून टाकला असणार, ते मी विचारणारसुद्धा नाही. मला काळजी वाटली ती त्या खालच्या आवाजाची. घाई अशीच शिरते गं, दुसऱ्याच्या आकड्याकडे बघता बघता. म्हणून हे पत्र. एका बैठकीत संपवायचं बंधन नाही. अर्धं आज वाच, अर्धं उद्या, मी काही त्याचे गुण देणार नाही.

तुला ठाऊक आहे, माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. वर्ष अखेरीला नियतकालिकांची वर्गणी भरायची वेळ आली की पैसे थोडे आणि मागण्या फार, अशी माझी ओढाताण व्हायची. रसायनवाल्यांना एक हवं, प्राणिशास्त्रवाल्यांना दुसरं, आणि दोघंही माझ्या टेबलाशी उभे. ज्या इम्पॅक्ट फॅक्टरनं आज तुम्हा मुलांची झोप उडवली आहे तो मुळात या असल्या निवडीसाठी जन्माला आला. अमेरिकेत युजीन गारफील्ड नावाचे गृहस्थ होते. कोणत्या लेखात कोणत्या जुन्या लेखाचा संदर्भ आला आहे याची सूची करावी, म्हणजे संशोधकाला वाट सापडेल, ही कल्पना त्यांनी १९५५ साली मांडली, आणि पुढे ती सूची प्रत्यक्षात आणताना कोणती नियतकालिकं घ्यायची आणि कोणती सोडायची हे ठरवण्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यानं हे माप बसवलं. कपाटात काय ठेवावं, एवढंच त्याचं काम. ते माप कपाटातून निघून माणसाच्या डोक्यावर जाऊन बसलं आणि कोणाला नोकरी द्यावी, कोणाला बढती, हे ठरवू लागलं. माणसं मोजायला ते वापरू नका, असं स्वतः गारफील्डही बजावत राहिले.

त्याचं गणित किती साधं आहे बघ. २०२४ सालचा आकडा काढायचा तर २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत त्या नियतकालिकात जे छापलं, त्याचे २०२४ मध्ये किती वेळा संदर्भ दिले गेले ते मोजायचं आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येनं भागायचं. झाली सरासरी. पण वर्गाची सरासरी सत्तर आली म्हणून मागच्या बाकावरच्या बंड्याला सत्तर मिळाले असं होत नाही ना! नियतकालिकांतही तसंच चालतं. थोडे लेख पुष्कळ संदर्भ खेचून आणतात आणि बाकीचे बहुतेक लेख सरासरीच्या खाली असतात. म्हणजे लेख कुठे छापला यावरून तो कसा आहे हे ठरवणं म्हणजे न वाचताच निकाल लावणं.

आणि ती दोन वर्षांची खिडकी! इथे मला तू जिच्यावर प्रबंध करते आहेस ती कारवी आठवते. सात-आठ वर्षं मुकाट वाढणारी, मग एका पावसाळ्यात अख्खा डोंगर जांभळा करणारी, आणि बी धरून वाळून जाणारी. तिला तुमचा पीएचडीचा नियम ठाऊक नाही. तीन वर्षं किमान आणि सहा वर्षं कमाल, असं विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे युजीसीची, २०२२ ची नियमावली म्हणते. कारवी म्हणते, मला एकदा फुलायलाच याहून जास्त लागतात. तू यावर जी वाट काढलीस, की वेगवेगळ्या डोंगरांवरच्या कारव्या वेगवेगळ्या वर्षी फुलतात म्हणून निरनिराळ्या वयाच्या झुडपांची ठिकाणं धरायची, आणि मागच्या फुलोऱ्यांची सालं मुंबईतल्या ब्लॅटर हर्बेरियममधल्या जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरून आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतून जुळवायची, ती ऐकून मला तुझा अभिमान वाटला. हे काम पाच दिवसांत छापून होणारं नाही, आणि दोन वर्षांत त्याचे ढीगभर संदर्भही येणार नाहीत. म्हणून ते कमी मोलाचं ठरतं का?

आता आपल्याकडे हे आकडे कसे आले तेही ऐक, म्हणजे तुला कोणाचा उगीच राग येणार नाही. पूर्वी नेमणुका आणि बढत्यांत वशिला चालायचा, हे काही गुपित नाही. कागदावर मोजता येईल असं काही असलं की मुलाखतीतल्या मर्जीला आळा बसेल, ही आशा खोटी नव्हती. २०१० साली युजीसीनं एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाचा गुणतक्ता, आणला. शिकवण्याचे इतके गुण, शिबिराचे इतके, पेपरचे इतके. मग मंडळी फायली काखोटीला मारून ग्रंथालयात येऊ लागली, आणि ‘या विषयावर नवं काय आलंय?’ असं विचारण्याऐवजी ‘याला आयएसएसएन आहे का, बघून सांगा’ असं विचारू लागली. चांगली माणसं होती, मनापासून शिकवणारी; पण माप बदललं की चाल बदलते. २०१८ साली एपीआय हे नाव गेलं, गुणांचं कोष्टक मात्र राहिलं. त्यात इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या पण तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातल्या पेपरला जादा ५ गुण आहेत आणि दहाच्या वर फॅक्टर असलेल्याला जादा ३०. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के. म्हणजे बेरीज एकशेचाळीस! तुझे आजोबा गणिताचे, ते यावर दिवसभर हसले असते.

जिथे गुण तिथे दुकान. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. युजीसीनं २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तुझ्याच पुण्यातल्या विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी ती यादी तपासायला बसले. विद्यापीठांनी सुचवून त्या यादीत आलेली हजारएक नियतकालिकं त्यांनी एकेक करून पाहिली आणि त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असं २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात यादीतून ४,३०५ नावं गळली. पुढच्या वर्षी तिच्या जागी ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिचं कामही पुण्यातूनच चाले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली, आता संस्थांनी आपलं आपण पारखून घ्यावं असं ठरलं. प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही देशभरची सक्ती २०२२ च्या नियमांतच गेली होती. तुझ्या विद्यापीठात अजून काय मागतात ते गाईडना नीट विचार. विचारायला लाजू नकोस. न विचारता घाबरत राहण्यात मुलांचे महिने जातात.

आपल्यासारखाच हा ताप जगभर आहे, आणि त्यावर विचार करणारेही आहेत. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत पेशीविज्ञानाच्या परिषदेला जमलेल्या काही संपादकांनी आणि प्रकाशकांनी मिळून एक जाहीरनामा लिहायला घेतला, त्याला ‘डोरा’ म्हणतात. त्याचं सार असं, की नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची किंमत करू नका, काम वाचून करा. आज त्यावर वीस हजारांहून जास्त सह्या आहेत, व्यक्तींच्या आणि संस्थांच्या. २०१५ मध्ये ‘लायडन जाहीरनामा’ आला. त्याच्या दहा तत्त्वांतलं एक मला फार आवडतं, की स्थानिक प्रश्नांवरचं चांगलं संशोधन जपा. साताऱ्याच्या डोंगरातली कारवी, तिच्या काठ्यांचा कूड विणून त्यावर शेणमातीचा गिलावा करणारी घरं, तिच्या फुलोऱ्याचा मध, हे मोठ्या इंग्रजी नियतकालिकाच्या संपादकाला कदाचित किरकोळ वाटेल. तिथल्या लोकांना वाटणार नाही.

पुढे हॉलंडमधल्या युट्रेख्त विद्यापीठानं २०२१ मध्ये जाहीर केलं, की नेमणुकीत आणि बढतीत इम्पॅक्ट फॅक्टर बघायचा नाही. अमेरिकेतली आरोग्यसंशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था अर्जदाराला विचारू लागली, की तुमची जास्तीत जास्त पाच महत्त्वाची कामं सांगा, आणि ती का महत्त्वाची तेही लिहा. चीनमध्ये तर पेपर छापला की रोख बक्षीस देत. २०२० साली सरकारनं ते थांबवा म्हणून विद्यापीठांना सांगितलं आणि ढिगाऐवजी निवडक कामं बघायला लावली. युरोपात २०२२ च्या जुलैत याबद्दल करार झाला, त्यात शेकडो संस्था आल्या.

हे सगळं गोडच आहे असं मी म्हणत नाही. युट्रेख्तचा निर्णय आला तेव्हा हॉलंडमधल्याच प्राध्यापकांच्या एका मोठ्या गटानं उघड पत्र लिहून शंका घेतली, की आकडा काढून टाकला तर निवड मनमानी होईल. शंका रास्त आहे, आपल्याकडे तर दुप्पट रास्त. गावाकडून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीला आकड्याचा निदान आधार तरी असतो. ‘आम्ही काम बघून ठरवलं’ या वाक्याआड भाचा-पुतण्या सहज लपतो. म्हणून नुसता आकडा काढून भागत नाही. वाचणारे तज्ज्ञ बाहेरचे हवेत, त्यांनी काय वाचलं आणि काय ठरवलं याची कारणं लेखी हवीत, आणि नाकारलेल्याला ती बघायला मिळाली पाहिजेत. शिकवणं, हाताखालच्या मुलांना तयार करणं, नमुने आणि नोंदी जपून दुसऱ्यांना खुल्या करणं, हेही त्या हिशेबात आलं पाहिजे. यातलं काहीच झटपट होणारं नाही. आकडा पाच मिनिटांत बघून होतो, पेपर वाचायला दुपार जाते, आणि खरी अडचण हीच आहे, की मोजणाऱ्यांनाही घाई आहे.

तू पुण्यात आहेस, तर एकदा लॉ कॉलेज रोडवर भांडारकर संस्थेत जाऊन ये. महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायचं काम तिथे १ एप्रिल १९१९ ला सुरू झालं, ऐंशी ओलांडलेल्या रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्ते. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ साली प्रमुख संपादक झाले. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या पोथ्या जमवून एकेका श्लोकाचे पाठ ताडून बघायचे, असं काम. आदिपर्व पुरं व्हायला १९३३ उजाडलं. १९४३ मध्ये सुकथनकर गेले, मग बेलवलकरांनी सांभाळलं, मग प. ल. वैद्यांनी, आणि १९६६ मध्ये ते संपलं. सत्तेचाळीस वर्षं! आजच्या कोष्टकात सुरुवातीच्या वर्षांना त्यांना काय गुण मिळाले असते, ते तूच मांडून बघ. पण एक लक्षात घे. सुकथनकर मधल्या काळात गप्प बसले नव्हते. पोथ्या ताडताना जे प्रश्न सुटत गेले त्यांवर त्यांनी ‘एपिक स्टडीज’ या नावाखाली लेख लिहिले. ते लेख कामातून आपसूक निघालेले होते. लेख पाडायचे म्हणून काम केलेलं नव्हतं. तुझेही पेपर असेच निघोत, एवढंच माझं म्हणणं.

कॅटालिन कॅरिको या बाईंचं नाव तू ऐकलं असशील. एमआरएनएवर त्या वर्षानुवर्षं काम करत होत्या, प्रकल्पाला पैसे मिळत नव्हते, म्हणून १९९५ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठानं त्यांना खालच्या पदावर आणलं. २००५ मध्ये त्यांचा आणि ड्र्यू वाइसमन यांचा महत्त्वाचा पेपर आला, तेव्हा त्याकडे फार थोड्यांनी बघितलं. पंधरा वर्षांनी जगभर असंख्य लोकांना त्याच शोधावर उभी राहिलेली कोविडची लस टोचली गेली, आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. सगळ्यांच्या वाट्याला असा शेवट येत नाही, हे मला कळतं. पण त्या बाईंच्या हातून काम झालं ते रोज सकाळी प्रयोगशाळेत गेल्यामुळे; विद्यापीठाचा निकाल त्यांच्या बाजूनं नव्हताच.

तेव्हा आता माझ्या म्हातारीच्या चार सवयी. पहिली, पहाटे ऊठ. मला ठाऊक आहे, होस्टेलवर अकराला दिवे जातात आणि एकपर्यंत गप्पा चालतात (तुझी आईही तशीच होती). तरी आठवड्यातले चार दिवस साडेपाचला ऊठ, आणि फोन उशाशीच राहू दे. तो वेळ एकच पेपर पूर्ण वाचायला ठेव, नुसता सारांश नाही, पद्धतीपासून संदर्भांपर्यंत. माझ्या टेबलावरून हजारो अंक गेले. सारांश वाचणारे खूप बघितले, शेवटचं पान गाठणारे थोडे, आणि विषय खरा कळलेले त्या थोड्यांतलेच होते.

दुसरी सवय काटकसरीची. फेलोशिपचे पैसे उशिरा येतात हे मी ऐकून आहे, तरी त्यातलं थोडं बाजूला टाक, महिन्याला पाचशे का होईना. हातात चार पैसे असले की माणूस घाईचा सौदा करत नाही. पेपर छापायला पैसे मागणाऱ्याकडे जाण्याआधी गाईडना विचार, ग्रंथपालांना विचार. आम्ही लोक सांगतो गं, आम्हाला कोणी विचारतच नाही. आणि एका कामाचे तुकडे करून चार पेपर करणं ही काटकसर नव्हे, ती उधळपट्टी आहे, कारण वाचणाऱ्याचा वेळ चारदा जातो आणि हातात एकच गोष्ट पडते.

तिसरी, वहीची. डोंगरावर जाशील तिथली तारीख, जागा, उंची, सोबतचं माणूस, सगळं त्याच दिवशी लिही, पाऊस असो की दमणूक. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी चिठ्ठीवर गावाचं नाव नीट लिहून ठेवलं म्हणून आज तुझं काम चाललं आहे. त्या माणसाला त्याचे गुण मिळाले नाहीत. तू तुझ्या प्रबंधात त्याचं नाव घेशील, तेवढी त्याची पावती.

चौथी सवय धीराची, आणि ती सगळ्यांत अवघड. पेपर लिहून झाला की लगेच पाठवू नकोस. आठवडाभर कपाटात ठेव, मग परक्याचा असल्यासारखा वाच. तपासणाऱ्यानं परत पाठवला तर रडायचं असेल तर संध्याकाळी रड, सकाळी त्याचे मुद्दे एकेक करून वहीत उतरव; त्यांतले निम्मे बरोबर असतात, असा माझा अनुभव आहे. मैत्रिणीचा पाचवा पेपर आला तर तिला मनापासून चहा पाज. तिचा विषय वेगळा, तिची वर्षं वेगळी. आणि काम पुरं झालं की त्यातलं एक मराठीत लिही, ज्या गावांनी तुला कारवीच्या फुलोऱ्याची सालं सांगितली त्यांना वाचता येईल असं. त्याला कोष्टकात जागा मिळेल न मिळेल, तू लिही.

हे सारं मी तुला सांगते आहे ते तू चुकशील म्हणून नाही. तुझं मन स्वच्छ आहे, हात कष्टाळू आहेत, ते मी तुझ्या लहानपणापासून बघते आहे. मला दिसतो तो पुढचा दिवस. आज तू ज्या टेबलाच्या अलीकडे बसली आहेस, त्याच्या पलीकडे, निवड समितीत, एक दिवस तूच बसशील. समोर कोणाची तरी फाइल येईल, त्यात यादी असेल, आकडे असतील, आणि बाहेर गाडी उभी असेल म्हणून सगळ्यांना लवकर उठायचं असेल. जाहीरनामे आणि करार शेवटी त्या खोलीपर्यंतच पोचतात. पुढे काय होतं ते बसलेल्या माणसांवर असतं. तेव्हा त्या उमेदवाराचे निवडक पेपर आधी मागवून घे, घरी बसून वाच, आणि तुझं मत चार ओळींत कारणासकट लिहून ने. आणि तेवढा वेळ काढता येणार नसेल, तर समितीवर बसायलाच नाही म्हण.

सर्दी बरी झाली का ते कळव. सुंठ पाठवली आहे, घेत जा.

तुझी,
आजी